कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि त्यांचा स्वहस्ते घडविलेला कॅमेरा

प्रतिवर्षी या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र आम्ही सभासद-कुटुंबांच्या हाती देत असतो. यंदा आम्ही कोल्हापूरचे कै. बाबूराव पेंटर यांची निवड केली आहे. बाबूराव वऱ्हाडातले नव्हेत. ते आपल्याच शाखेचे की दुसऱ्या, याची चौकशी करीत बसण्याचीही आम्हांस गरज वाटली नाही. ज्या घरात लाकूड, लोखंड आणि दगड यांच्याशी पिढ्यान् पिढ्या बोलणे चालत आले, त्या घरात ते जन्मले. हत्याराचे हे नाते आमच्या दृष्टीने पुरेसे जवळचे आहे. शिवाय चित्रपटाच्या इतिहासात त्यांचे नाव दिग्दर्शक आणि चित्रकार म्हणून घेतले जाते, पण कारागीर म्हणून त्यांनी जे केले त्याचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. त्या एका वाक्याचा विस्तार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या वाचकांस यंत्र परके नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी मोल आले. आगगाडी बडनेऱ्यावरून पुढे गेली, पाठोपाठ जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि त्या कारखान्यांतून सुतार-लोहारांची मुले मिस्त्री म्हणून उभी राहिली. यंत्र विलायतेचे; परंतु ऐन हंगामात त्याचा दाता मोडला तर विलायतेहून दाता येईपर्यंत कापूस थांबत नाही. मिस्त्री तो दाता कानशीने घासून रातोरात घडवीत असे. मोडलेल्या भागावरून धड भाग ओळखणे ही विद्या पुस्तकात नसते. बाबूरावांची विद्या याच जातीची होती.

त्यांचा जन्म कोल्हापूर येथे ३ जून १८९० रोजी झाला. पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. आडनावच धंदा सांगते. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम आणि शिल्पकाम यांत निष्णात होते. त्यांच्या हाताखाली मुलाला रंधा, पटाशी आणि छिन्नी यांची ओळख झाली. चित्रकला मात्र त्याने बहुतांशी आपली आपणच हस्तगत केली. कलाशाळेची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. या शिक्षणात त्यांचा जोडीदार होता चुलतभाऊ आनंदराव. आनंदराव वडीलकीच्या नात्याने पुढे आणि बाबूराव त्यांच्या मागे, असे दोघे वाढले. आनंदरावांची दृष्टी चित्रकाराची तशीच यंत्रज्ञाची होती, आणि कॅमेऱ्याचे वेड प्रथम त्यांनाच लागले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. पुष्कळ चरित्रांतून आनंदरावांची बोळवण दोन ओळींत होते, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

तो काळ संगीत नाटकांचा होता. मोठमोठ्या नाटक मंडळ्या आपापले रंगविलेले पडदे घेऊन गावोगाव फिरत. आमचा वऱ्हाडही या दौऱ्यांतून वगळलेला नव्हता. उलट अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे राक्षसी महत्त्वाकांक्षा हे नाटक कोल्हापूरच्या केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनेच रंगभूमीवर आणले. पडदा उघडताच महाल, अरण्य, नदीचा घाट असे काही तरी दृष्टीस पडावे आणि प्रेक्षकांनी आधी त्या पडद्यालाच टाळी द्यावी, अशी त्या वेळची रीत होती. १९१० ते १९१६ या वर्षांत असे पडदे रंगविणाऱ्या पश्चिम हिंदुस्थानातील अग्रगण्य चितारऱ्यांत आनंदराव आणि बाबूराव यांची गणना होत असे. याच धंद्यावरून मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि पेंटर हे नाव लोकांच्या तोंडी बसले.

मुंबईस वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविण्यात आली, आणि १९१३ साली दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रकट झाला. तो पाहून या दोघा भावांना जे वाटले ते इतर प्रेक्षकांना वाटले त्याहून निराळे असले पाहिजे. पडदा रंगविणारा मनुष्य पडद्यावर हलणारे चित्र पाहतो, तेव्हा हे चित्र कोणी आणि कोणत्या हत्याराने काढले, हा प्रश्न त्याला आधी पडतो. फाळके यांनी विलायतेस जाऊन कॅमेरा विकत आणला होता. या भावांपाशी तितका पैका नव्हता. पुढे १९१४ साली महायुद्ध पेटले आणि परदेशी माल मिळणे अधिकच दुर्घट झाले. तेव्हा आनंदरावांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रे दाखविण्याचे एक यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, मिळविले, आणि त्यावरून कॅमेरा घडविण्याचा घाट घातला.

हे काम किती कठीण होते, हे आपल्या मिस्त्री वाचकांसाठी थोडे फोडून सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच कुळातील यंत्रे असली तरी त्यांचे धर्म उलटे आहेत. प्रोजेक्टरमध्ये प्रकाश आतून फिल्ममधून बाहेर जातो. कॅमेऱ्यात तो बाहेरून भिंगातून आत येतो. म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीत भिंगावाटे येणाऱ्या प्रकाशाखेरीज एक किरणही शिरता कामा नये. सुताराचा सांधा जरा उघडा राहिला की सगळी फिल्म काळवंडली. फिल्म पस्तीस मिलिमीटर रुंद, आणि तिच्या दोन्ही कडांना छिद्रांची रांग. एका चित्रास चार छिद्रे, एका फुटात सोळा चित्रे. मूकपटाच्या काळी एका सेकंदास साधारण सोळा चित्रे घेत, म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म खपे.

पण ती फिल्म सतत वाहत गेली तर चित्र उठणार नाही, नुसता पट्टा उमटेल. ती क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून प्रकाश पडला पाहिजे, झडप मिटली पाहिजे, मग एका लोखंडी नखाने छिद्रात शिरून फिल्म नेमकी चार छिद्रे खाली ओढली पाहिजे, आणि पुन्हा थांबली पाहिजे. हे सेकंदाला सोळा वेळा, आणि तेही हाताने दांडा फिरवून! दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे, म्हणून सेकंदास दोन फेरे. दृश्यात घोडे धावत असोत की कोणी मरत असो, दांडा फिरविणाऱ्याचा हात त्याच ठेक्यावर चालला पाहिजे.

आता यातील सूक्ष्मता पाहावी. फिल्मवरील चित्र सुमारे चोवीस मिलिमीटर रुंद असते. तेच बारा फुटी पडद्यावर टाकले म्हणजे जवळजवळ दीडशे पटींनी मोठे होते. नखाने फिल्म ओढताना एका चित्रात आणि दुसऱ्यात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा फरक पडला, तर पडद्यावर तो दीड सेंटिमीटर होऊन बसतो आणि राजवाडा भूकंप झाल्यासारखा थरथरू लागतो. जिनाच्या चाकात केसभर ढिलाई खपून जाते. येथे ती खपत नाही. ज्यांनी कधी हाताने दाते पाडले आहेत त्यांना हे सांगणे न लगे.

कॅमेरा पुरा होण्यापूर्वीच १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. ज्याच्या मागून चालायचे तो भाऊ गेला, हाती अर्धवट यंत्र राहिले. त्यांनी ते टाकून पडदे रंगविण्याच्या बऱ्या चाललेल्या धंद्यात मन घातले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी ते टाकले नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून ते पुन्हा त्याच कामाला लागले. दामले हेही मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, परंतु यंत्रात त्यांची बुद्धी विशेष चाले. १९१८ साली कॅमेरा चालता झाला. देशी कारागिरांनी घडविलेला पहिला चलच्चित्र-कॅमेरा म्हणून त्याचा गौरव केला जातो. परदेशातून मागविता आला नाही म्हणून घडविला, हे खरे. पण गरजेने वाट दाखविली तरी चालावे लागते आपल्याच पायांनी.

कॅमेरा झाला, तरी चित्रपट काढण्यास भांडवल लागते. ते श्रीमती तानीबाई कागलकर या कोल्हापूरच्या गायिकेने दिले. ज्या काळी सावकार आणि प्रतिष्ठित मंडळी चित्रपटाच्या वाऱ्यास उभी राहत नव्हती त्या काळी एका स्त्रीने आपला पैका या अनिश्चित धंद्यात घातला, आणि त्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. दामले आणि फत्तेलाल हे बाबूरावांचे उजवे-डावे हात. पुढे बाबूराव पेंढारकर आले, आणि १९२० साली शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण पडेल ते काम करण्याच्या तयारीने आला. त्याचेच पुढे व्ही. शांताराम झाले. ही सारी मंडळी एका कारखान्यातील उमेदवारांसारखी शिकली. रंग घोटणे, देखावे उभारणे, फिल्म धुणे, नट म्हणून उभे राहणे, सर्व कामे सर्वांनी करावयाची.

कंपनीचा पहिला चित्रपट सैरंध्री. तो १९२० साली पुण्यास आर्यन थिएटरात झळकला. फाळके यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका पुरुषाने केली होती. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी स्त्रियांना पडद्यावर आणले. कीचकवधाचे दृश्य इतके प्रत्ययकारी उतरले की सरकारी परीक्षकांनी त्यावर आक्षेप घेतला. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य निवर्तले.

येथे आम्हांस एका गोष्टीविषयी थोडे अधिक लिहावयाचे आहे; ती म्हणजे चित्र स्पष्ट उमटविण्याची, ज्याला धंद्यात फोकस करणे म्हणतात, ती क्रिया. आज लहान मुलाच्या हातातील मोबाईलसुद्धा हे काम आपणहून करतो, म्हणून त्यात काही विद्या होती हेच आपण विसरलो आहोत.

भिंग आणि फिल्म यांमधील अंतर हे समोरच्या वस्तूच्या अंतरावर ठरते. पन्नास मिलिमीटरचे भिंग घेतले, तर दूरच्या डोंगरासाठी ते फिल्मपासून पन्नास मिलिमीटरवर ठेवावे लागते. तीन मीटरवर उभ्या असलेल्या नटासाठी तेच सुमारे पावणेएकावन्नवर, म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी पुढे सरकवावे लागते. नट एक मीटरवर आला की साडेबावन्नच्या थोडे पुढे. एवढ्याशा सरकण्यात चेहरा स्पष्ट की धूसर हे ठरते. त्या काळच्या कॅमेऱ्यात चित्रण चालू असताना आत डोकावून हे पाहण्याची सोय बहुधा नसे. दुधी काचेवर किंवा फिल्मवरच पडलेली प्रतिमा बहिर्गोल भिंगातून आधी न्याहाळावयाची, फीत लावून अंतर मोजावयाचे, जमिनीवर खडूची खूण करावयाची आणि नटाला त्या खुणेबाहेर न जाण्यास बजावावयाचे. मग पेटी मिटली की सर्व भरवसा भिंगाच्या कड्यावरील आकड्यांवर. आणि कॅमेरा घरीच घडविलेला असला म्हणजे ते आकडेही घरीच, एकेक अंतर पारखून, कोरून काढावे लागणार!

माणसाच्या डोळ्याचे आणि हाताचे हे काम यंत्रावर सोपविण्याचा प्रयत्न जगात पुढे निरनिराळ्या वाटांनी झाला, आणि त्यांतील एक वाट सिनेमाच्याच पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवरून जाते. ती वाट मायक्रोफिल्मची. मोठा कागद सूक्ष्म चित्रात उतरविण्याची कल्पना जुनी आहे. मँचेस्टरच्या जॉन डान्सर याने १८३९ साली असे सूक्ष्म छायाचित्र काढून दाखविले होते. १८७० साली प्रशियन फौजेने पॅरिसला वेढा दिला, तेव्हा रने दाग्राँ या फ्रेंच छायाचित्रकाराने हजारो निरोप फिल्मच्या चिमुकल्या तुकड्यांवर उतरविले आणि ते कबुतरांच्या शेपटीस बांधून शहरात धाडले. पण हा धंदा झाला तो न्यूयॉर्कच्या जॉर्ज मॅकार्थी या बँकेतील गृहस्थामुळे. बँकेत वटणाऱ्या चेकांची नोंद सिनेमाच्या फिल्मवर आपोआप उतरावी असे यंत्र त्याने १९२० नंतरच्या दशकात रचले, आणि १९२८ पासून कोडॅक कंपनीने ते रेकॉर्डॅक या नावाने चालविले. (वऱ्हाडच्या जिनांतून प्रसिद्ध असलेल्या मॅकार्थी जिनाचा कर्ता हा नव्हे. तो फोन्स मॅकार्थी, त्याचे पेटंट १८४० चे. नामसादृश्य मात्र आम्हांस मौजेचे वाटले.)

चेक सगळे सारखे. परंतु ग्रंथ, नकाशे आणि वृत्तपत्रे यांचे आकार निरनिराळे. त्यांच्यासाठी जो कॅमेरा निघाला तो मेजावर उभारलेल्या खांबावर वर-खाली सरकतो. कागद मोठा असला की कॅमेरा वर न्यावयाचा. पण वर नेला की कागद भिंगापासून दुरावला, म्हणजे पुन्हा फोकस करणे आले. पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने चित्र मुळाच्या बाराव्या हिश्श्याचे घ्यावयाचे तर भिंगापासून कागद पासष्ट सेंटिमीटरवर लागतो. विसाव्या हिश्श्याचे घ्यावयाचे तर एकशे पाच सेंटिमीटरवर. कागदाचे अंतर चाळीस सेंटिमीटर वाढते तेव्हा भिंगाने पावणेदोन मिलिमीटरपेक्षाही कमी मागे यावयाचे असते. हे प्रत्येक खेपेस हाताने कोण करील? म्हणून खांबालगत एक वक्र पट्टी बसविली. कॅमेरा सरकू लागला की तिच्यावरून घसरणारी कळ भिंगाला हवे तेवढेच मागे-पुढे करते. आमचे मिस्त्री इंजिनातला कॅम ओळखतात. ही पट्टी म्हणजे तोच कॅम, फक्त केसागणिक घासलेला. वीज नाही, बुद्धिमान यंत्र नाही. अचूक घासलेल्या लोखंडाची एक वाकडी रेघ, आणि फोकस आपोआप! साध्या खिशातल्या कॅमेऱ्यात समोरच्या वस्तूचे अंतर यंत्राने स्वतःच ओळखण्याची सोय सर्वसामान्यांस मिळाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९७७ साली, जेव्हा जपानच्या कोनिका कंपनीने तसा कॅमेरा बाजारात आणला.

विषयांतर झाले खरे, पण ते सहेतुक आहे. अमेरिकेत बँकेतील एका गृहस्थाची कल्पना पेटंट झाली, कंपनीने घेतली, तिच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या, आणि एकाने घासलेली रेघ दुसऱ्याने सुधारली. कोल्हापुरात जो कॅमेरा घडला त्याला असा वंश लाभला नाही. त्यापासून कॅमेरे घडविणारा कारखाना उभा राहिला नाही. बाबूरावांना कॅमेरा हवा होता तो चित्रे काढण्यासाठी. तो मिळाला तेव्हा ते चित्रांकडे वळले, आणि त्यांच्यातील चित्रकारास हे शोभून दिसले. तरीही आम्हांस चुटपुट लागते ती अशी की त्या काळच्या समाजात, आणि आपल्याही घरांत, हाताच्या विद्येला कागदावर उतरविण्याची सवय नव्हती. आजोबांनी घडविलेला दाता नातवाच्या हाती येतो, त्याचे माप येत नाही. आपल्या अमरावती-अकोल्यातील जुन्या मिस्त्र्यांनी अडत्या वेळी केलेल्या युक्त्या एकत्र केल्या तर एक ग्रंथ होईल. पण तो कोणी लिहिलेला नाही, आणि त्या युक्त्या जाणणारी माणसे दरसाल कमी होत आहेत.

असो. सैरंध्रीनंतर कंपनीचा उत्कर्षकाळ सुरू झाला. १९२३ सालच्या सिंहगड चित्रपटात बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तोवर चित्रण सूर्याच्या भरवशावर चालत असे. ढग आले की काम बंद. पडदे रंगविण्यात हयात घालविलेल्या या माणसाने देखाव्यांतून रंगविलेले पडदे काढून टाकले आणि त्यांच्या जागी खरोखरीच्या बांधणीचे महाल उभे केले, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. नाटकाच्या पडद्याला प्रेक्षक लांबून पाहतो. कॅमेऱ्याचे भिंग त्याला फसत नाही, सपाट ते सपाटच दाखविते. हे ज्ञान कॅमेरा आपल्या हाताने घडविणाऱ्याला लवकर झाले यात नवल नाही. पात्रांच्या वेषभूषेची आणि प्रसंगांची चित्रे ते आधी स्वतः रेखाटीत, आणि मग चित्रण करीत. चित्रपटांची भित्तिचित्रे, म्हणजे पोस्टरे, तयार करण्याच्या प्रथेचे श्रेयही त्यांच्याकडे जाते.

१९२५ साली त्यांनी सावकारी पाश काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. पौराणिक आणि ऐतिहासिक कथांच्या त्या दिवसांत कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगणे हे धाडस होते. खोट्या कागदांवर सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीचा मजूर होतो, असे तिचे कथानक. शेतकऱ्याची भूमिका शांताराम यांनी केली. उजाड झोपडी आणि तिच्यापाशी रडणारे कुत्रे एवढ्या दोनच गोष्टींनी बाबूरावांनी जे सांगितले ते शब्द नसताना सांगितले. वऱ्हाडात तर ही कथा समजावून देण्यास कोणाची गरज नाही. कापूस वेचणीला येण्यापूर्वीच ज्याच्या नावे लिहिलेला असे, अशी घरे आपल्या आजा-पणजांनी दाराशी पाहिली आहेत. चित्रपटाला जाणत्यांनी वाखाणले, परंतु सामान्य प्रेक्षकांची झुंबड उडाली नाही. त्यांना देवदेवतांचे चमत्कारच अधिक रुचत होते.

कंपनी फुटली ती १९२९ साली. दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर बाहेर पडले, आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलाची जोड घेऊन त्यांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ साली प्रभात पुण्यास गेली. पुढचा इतिहास सर्वविश्रुत आहे. अयोध्येचा राजा आणि संत तुकाराम यांची नावे वऱ्हाडातील वृद्धांनाही पाठ होती. या मंडळींनी गुरूस सोडले म्हणून त्यांस दोष देणारे लोक त्या वेळीही होते. आम्ही त्या वादात शिरत नाही. उमेदवार हात बसला की स्वतःची ऐरण मांडतो, हा धंद्याचा जुनाच नियम आहे. मात्र बाबूरावांच्या वाट्यास जे आले ते कटू होते. सहकारी गेले आणि दोनच वर्षांत, १९३१ साली, चित्रपट बोलू लागला. मूकपटासाठी उभारलेली महाराष्ट्र फिल्म कंपनी लवकरच बंद पडली.

बाबूराव मात्र स्वस्थ बसले नाहीत. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी उषा (१९३५), नवा बोलका सावकारी पाश (१९३६) आणि प्रतिभा (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. १९४७ सालच्या लोकशाहीर रामजोशी या चित्रपटाशीही त्यांचे नाव जोडलेले आहे, आणि त्यासाठी त्यांना बोलावणारे त्यांचे शिष्य शांताराम होते. गुरुशिष्यांची ही भेट आम्हांस फार समाधानाची वाटते. उरलेल्या आयुष्यात ते पुष्कळसे कुंचल्याकडे आणि छिन्नीकडे परतले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मूकपटांचे काय झाले, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होत नाही. त्या काळची सिनेमाची फिल्म नायट्रेटची असे. ती एकदा पेटली की विझत नसे, आणि न पेटली तरी उष्म्याने आतल्या आत कुजून चिकट होई. मायक्रोफिल्म जतनासाठीच काढली जाई, म्हणून तिला न भडकणारा निराळा पाया वापरीत; सिनेमावाल्यांनी तितकी दूरदृष्टी पुढे पुष्कळ वर्षे दाखविली नाही. खेळ संपला की चित्रपटाचे मोल संपले, अशी समजूत होती. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ साली, म्हणजे बाबूरावांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. तोवर बहुतेक मूकपट नाहीसे झाले होते. ज्या चित्रपटासाठी टिळकांनी पदवी दिली तो सैरंध्री आज पाहावयास मिळत नाही. १९२७ सालच्या मुरलीवाला या चित्रपटासारखे थोडेच काही हाती लागले.

आपल्यापैकी जी कुटुंबे अंबाबाईच्या दर्शनास कोल्हापूरला जातात, त्यांनी परतताना खरी कॉर्नरपर्यंत जावे. तेथे कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. मुलांना बरोबर न्यावे, आणि त्या दगडी कॅमेऱ्याच्या आत एके काळी लोखंडी नख, दातेरी चाके आणि हाताने फिरविण्याचा दांडा असे काय काय होते, ते तेथेच उभे राहून त्यांना समजावून सांगावे.